कोपऱ्यातली खूण

"ताई, खूण कुठल्या कोपऱ्यात ठेवता तुम्ही?"

इम्राननं हे विचारलं तेव्हा माझ्या चिमट्यात चिप होती आणि मी श्वास रोखून बसले होते. चिप म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. चिमट्यातून उडाली की दोन माणसं फरशीवर रांगायला लागतात आणि अख्खी दुपार जाते. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं विचारलं.

मी चिप पितळी ठोकळ्यावर टेकवली, खालचा पंप सुरू करून ती घट्ट बसली की नाही ते पाहिलं, आणि मग श्वास सोडला.

"नेहमीच्या."

"नेहमीच्या म्हणजे कुठल्या?"

"अरे, नेहमीच्या म्हणजे नेहमीच्या. सात वर्षं ठेवतेय मी चिपा. तू तेव्हा मिरजेत सायकलचं टायर पळवत असशील."

"सात वर्षांपूर्वी मी एकवीस वर्षांचा होतो, ताई."

"मग मोठं टायर."

तो हसला. वही काखेत मारली, दारापर्यंत गेला, पुन्हा वळला.

"म्हणजे नेहमीसारखीच ठेवलीय ना?"

"नेहमीसारखीच."

"बरं," म्हणाला आणि गेला.

ही अकरा वर्षांपूर्वीची जानेवारी. त्याच्या प्रश्नात मला काही विशेष वाटलं नाही. राग मात्र आला. जे काम आपल्याला झोपेतही जमेल त्याबद्दल कुणी दोनदा विचारलं की येतोच.

आमची लॅब पुण्यात पाषाणच्या अंगाला, एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर. तळमजल्यावर अशासाठी, की वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी आमचा प्रकाश हलायचा. माझं काम प्रकाश चिपमध्ये घालायचं. केसासारखा काचेचा धागा असतो, त्यातून प्रकाश येतो. चिपवर त्याच्यासाठी सिलिकॉनची वाट कोरलेली असते, ती केसाच्या दीडशेव्या हिश्श्याएवढी. धाग्याचं तोंड त्या वाटेच्या तोंडाशी आणून धरायचं. तीन स्क्रू असतात. ते फिरवताना ज्यांना घाई होते त्यांना प्रकाश सापडत नाही.

त्या वाटेवर मॉड्युलेटर असतो. माझ्या जावेनं एकदा विचारलं, तो काय करतो. मी सांगितलं, खिडकीची झडप समज. वीज दिली की प्रकाश जातो, काढली की अडतो. गेला की एक, अडला की शून्य. एवढंच. फक्त ही झडप सेकंदाला पन्नास अब्ज वेळा उघडमीट करायला हवी. तू माहेरच्या ग्रुपवर लग्नाचा व्हिडिओ टाकतेस ना, तो कुठल्यातरी कम्प्युटरच्या गोदामात अशाच झडपांतून जातो. जाऊ म्हणाली, तरीच चाकं फिरत बसतात. तिच्या मते झडप आमचीच असणार.

झडप चांगली की वाईट हे एका पडद्यावर दिसतं. सगळे एक आणि सगळी शून्यं तिथे एकावर एक रेखली जातात. उघडमीट स्वच्छ असली की रेषांच्या मधोमध बदामाच्या आकाराची मोकळी जागा उरते. तिला डोळा म्हणतात. झडप आळशी असली की रेषा एकमेकींत कालवल्या जातात आणि डोळा मिटतो. सहा वर्षं आमचा डोळा किलकिलाच होता. लोकांच्या घरी मुलगा बोलायला कधी लागेल याची वाट पाहतात, तशी आम्ही त्या बदामाची पाहायचो.

आमचे सर म्हणजे डॉक्टर केळुसकर. उंच, किडकिडीत, डब्यात रोज तेच सुकं बटाट्याचं. मी भोसरीला कानाच्या मशिनच्या कारखान्यात दुर्बिणीखाली तारा जोडायचे, तिथे ते काही बारीक काम करून घ्यायला आले होते. माझ्यामागे अर्धा तास उभे राहिले. मला वाटलं, मालकांचे व्याही असतील. महिन्याभरानं बोलावणं आलं. संस्थेतल्या ऑफिसनं विचारलं, या बाई बारावी आर्ट्स, यांना लॅबमध्ये कसं घेणार? सरांनी अर्जावर लिहिलं, 'डिग्री नाही, हात आहे.' तेव्हापासून दर अकरा महिन्यांनी माझं कंत्राट नवं होई आणि दर वेळी सर तेच वाक्य लिहीत. पाहुणे आले की माझ्याकडे बोट करून म्हणत, "आणि हे आमच्या लॅबचे हात." बाकीची मी मागे उभी असायची.

बाकी सगळं मी यंत्रांबरोबर आलेल्या पुस्तकांतून शिकले. माझं इंग्रजी अजूनही तसंच आहे. 'धोका', 'प्रथम वीज बंद करा' आणि 'कंपनी जबाबदार नाही' हे अस्खलित येतं.

तर त्या चिपवर सहा मॉड्युलेटर होते. पहिले तीन सरांच्या आराखड्याचे, पुढचे तीन इम्रानच्या. इम्रान मुजावर सरांचा विद्यार्थी. पीएचडीचं पाचवं वर्ष. वडिलांचं मिरजेत डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान. दोन आराखड्यांतला फरक मला त्यानंच समजावला होता. सिलिकॉनमध्ये दोन जातीचे पट्टे एकमेकांना भिडवलेले असतात, ती शिवण समजा. सरांची शिवण वाटेच्या मधोमध जायची. इम्राननं ती थोडी बाजूला घेतली होती, आणि वरच्या तारा अशा आखल्या होत्या की वीज आणि प्रकाश शेवटपर्यंत बरोबरीनं धावतील.

"आमच्या दुकानात हेच असतं, ताई," तो म्हणायचा. "पंप चांगला, इंजिन चांगलं, पण टायमिंग हुकलं की धूर."

शिवण वरून दिसत नाही. वरून सहाही झडपा अगदी सारख्या. त्यांच्या शेजारी आकडे असावेत असं इम्राननं सुचवलं होतं. सर म्हणाले होते, "आकड्यांना जागा लागते. सहापर्यंत मोजता येत नाही का आपल्याला?" म्हणून आकडे गेले आणि फक्त एका कोपऱ्यात काटकोनासारखी एक खूण राहिली. आराखड्याच्या कागदावर ती वर डावीकडे. तो कागद भिंतीवर लावलेला होता.

चिप परदेशात बनून दहा महिन्यांनी आली. त्याच सुमाराला नवा कॅमेराही आला. इतकी वर्षं मी दुर्बिणीच्या नळीला डोळा लावून, मान मोडून बसत होते. आता चित्र समोर मोठ्या पडद्यावर. माझ्या मानेनं सरांना दुवा दिला.

पहिल्या आठवड्यातच तीन नंबरचा डोळा उघडला. किलकिला नाही, टक्क. सर पडद्यासमोर उभे राहिले ते उभेच. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि वहिनींना फोन लावून म्हणाले, "अगं, उघडला." वहिनींनी बहुतेक विचारलं असावं, काय उघडला. सर म्हणाले, "ते घरी आल्यावर सांगतो." दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्याला पेढे. चार, पाच आणि सहा मात्र मिटलेले. म्हणजे इम्रानचे.

चार आठवडे मापं झाली. सर त्याच्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "कागदावर सुंदर असतं रे पुष्कळ काही." मार्चमध्ये त्याची फेलोशिप संपणार होती. वर्षभर वाढवून द्यायची की नाही, आणि पुढची चिप कोणाच्या आराखड्याची, हे समिती ठरवणार होती. समिती यायची होती गुरुवारी. सोमवारी त्यानं लायब्ररीची पुस्तकं परत केली. बुधवारी माझा स्क्रूड्रायव्हर परत केला. तो त्यानं दोन वर्षांपूर्वी नेला होता; आता आपणहून परत केला, तेव्हा मी समजले.

"मिरजेला चाललास?"

"अब्बांना माणूस हवाच आहे दुकानात."

"पीएचडी अर्धी टाकून पंप उघडणार?"

"पंप उघडला की आत काय आहे ते दिसतं तरी, ताई."

गुरुवारी मी आठ वाजताच आले. आल्या आल्या वीज जाऊन आली. कॅमेरा बंद होऊन चालू झाला, आणि चालू होताना त्याची भिंगं आपोआप मागे सरली. चार आठवडे आम्ही त्याला एकाच ठिकाणी जवळ नेऊन ठेवला होता. त्यात चिपचा मधला भाग तेवढा दिसायचा. मी सवयीनं चिप बसवली, मान वर केली, तर पडद्यावर आज अख्खी चिप. चारही कोपरे.

आणि खूण खाली उजवीकडे.

मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. वर डावीकडे. पडद्याकडे पाहिलं. खाली उजवीकडे. मग स्टुलावर बसले.

जुनी नळी चित्र उलटं दाखवायची. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. सात वर्षांत माझ्या हातानं ते इतकं आत्मसात केलं होतं की तो चिप उलटीच ठेवायचा. खूण माझ्या उजव्या मनगटाशी. मग नळीतून ती बरोबर वर डावीकडे दिसे. नवा कॅमेरा सरळ दाखवत होता. ते कोणी माझ्या हाताला सांगितलं नव्हतं. हात नेहमीसारखाच ठेवत राहिला आणि मी पडद्यावर डावीकडून मोजत राहिले. एक, दोन, तीन.

डावीकडून तिसरा म्हणजे खरा चौथा.

मी चिप काढली, फिरवली, पुन्हा बसवली. धागे लावले. हाताला रोजच्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. खऱ्या तिसऱ्याचा डोळा मिटलेला. खऱ्या चौथ्याचा टक्क उघडा. मग मी सगळं काढून चिप डबीत ठेवली, कारण समितीला अगदी चिप बसवण्यापासून दाखवायचं असं सरांनी ठरवलं होतं. आणि चहा न घेता बसून राहिले.

साडेनऊला सर आले. इस्त्रीचा शर्ट, नवा बेल्ट.

"सर, एक सांगायचंय."

"लेसर गेला?"

"नाही."

"प्रोबची सुई मोडली?"

"नाही सर. लेसर चांगलाय, प्रोब चांगलाय. सगळं चांगलंय."

"मग असा चेहरा का?"

"चिप उलटी बसतेय. कॅमेरा आल्यापासून."

त्यांना कळेना. मी दाखवलं. कागद, पडदा, माझा हात, खूण. दोनदा दाखवलं. दुसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"किती मापं घेतली आपण?"

"एकशे चौदा."

"आणि सगळी चुकली."

"मापं नाही चुकली सर. नावं चुकली."

"म्हणजे तीन नंबर जो आहे..."

"चार आहे. इम्रानचा."

"आणि माझा?"

मी वहीतलं चार नंबरचं पान उघडून त्यांच्यासमोर सरकवलं. ते वाचत नव्हते, नुसतं पाहत होते. त्या पानावर त्यांच्याच अक्षरात, लाल पेनानं, 'फारशी आशा नाही' असं लिहिलेलं होतं.

"आणखी कुणाला माहितीये?"

"अजून नाही."

त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली उचलली आणि बाहेर गेले. कूलर दाराशीच होता. बाटली भरल्याचा आवाज आला, ती भरून वाहिल्याचाही आला. परत आले तेव्हा शर्टाची बाही ओली होती.

"बाई," ते म्हणाले, "अकरा वाजता लोक येतील. चिप तुम्हीच ठेवा. कशी ठेवायची ते तुम्हाला माहीत आहे."

आणि आपल्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

आता या वाक्याचं काय करायचं? मी ते बऱ्याच बाजूंनी फिरवून पाहिलं. बरोबर ठेवा असं म्हणायचं असतं, तर बरोबर ठेवा म्हणाले असते. नेहमीसारखी ठेवा म्हणायचं असतं, तर तेही सरळ म्हणता येत होतं. सर कधी खोटं बोललेले मला आठवत नव्हतं. पण खोटं बोलायची इतकी सोय त्यांना यापूर्वी झाल्याचंही आठवत नव्हतं. खूण मनगटाशी ठेवली की सगळं जिथल्या तिथे राहणार. सरांची सहा वर्षं, पेढे, वहिनींना केलेला फोन. माझंही. ज्या हातावर मला ठेवून घेतलं होतं, त्याच हातानं चार आठवडे घोळ घातला, हे ऑफिसला कळायचं कारण नव्हतं. सगळं राहणार, फक्त इम्रान मिरजेला जाणार. आणि तो तर निघालाच होता.

त्याला आधी सांगावं असं मनात आलं. पण साडेदहाला तो आला, माझ्याकडे न बघता मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला, आणि मी बोलले नाही. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

मापांसाठी कॅमेरा मी पुन्हा पहिल्यासारखा जवळ नेऊन ठेवला. अकराला समिती आली. तिघं होते. दोघं गृहस्थ सगळा वेळ मान हलवत होते. बोलत होत्या त्या डॉक्टर वाळिंबे, मुंबईच्या, पांढरे आखूड केस, सुती साडी, पायात बूट.

सरांनी लेसर दाखवला, पडदा दाखवला, आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "आणि हे आमच्या लॅबचे हात."

वाळिंबेबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हातांना नाव असेल ना?"

"निर्मला डुंबरे," मी म्हणाले.

"तिसऱ्यापासून सुरुवात करू," सर म्हणाले.

मी डबी उघडली. चिप चिमट्यात धरली. सर माझ्या उजव्या खांद्याशी उभे होते. त्या खोलीत खूण कुठे आहे हे नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतक्या जवळ फक्त ते होते, आणि ते पडद्याकडे पाहत नव्हते, माझ्या हाताकडे पाहत होते. त्यांनी 'बाई, थांबा' म्हटलं असतं तर मी थांबले असते. उगाच मोठेपणा कशाला सांगू.

ते काही म्हणाले नाहीत. मी मनगट वळवलं आणि खूण पलीकडे, डावीकडे टेकवली.

धागे लावायला चार मिनिटं लागली. त्यात मागे कोणीतरी दोनदा खोकलं. मग मी वीज सोडली आणि पडद्यावर रेषा उमटायला लागल्या. भिजलेल्या शेवयांसारख्या. डोळा नाही, डोळ्याची जागाही नाही.

मागे इम्रानची वही खाली पडली.

"अहवालात चित्र वेगळं होतं, डॉक्टर," वाळिंबेबाई म्हणाल्या.

"हो," सर म्हणाले.

मग ते थांबले. मी मनात मोजायला लागले, सहापर्यंत मोजून झालं.

"हा माझा आराखडा," ते म्हणाले. आवाज वर्गात असतो तसाच. "अहवालात ज्याला तीन म्हटलंय, तो हा नव्हे. डुंबरेबाई, चार घ्या."

मी चार घेतला. रेषा आल्या, एकमेकींपासून दूर झाल्या, आणि मधोमध तो बदाम उघडला. मान हलवणाऱ्या गृहस्थांपैकी एक जण "अरे वा" म्हणाले. त्यांचा तो दिवसभरातला पहिला शब्द.

"हा इम्रान मुजावरचा," सर म्हणाले. "चिप आमच्याकडे चार आठवडे उलटी बसत होती. तिच्यावर आकडे असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आकडे मी काढायला लावले होते."

"आणि कळलं कधी?"

"आज सकाळी. यांना." त्यांनी माझ्याकडे बोट केलं नाही, मान वळवली. "निर्मला डुंबरे यांना."

वाळिंबेबाईंनी मागे पाहिलं. "मुजावर तुम्ही का? शिवण बाजूला घ्यावीशी का वाटली?"

इम्रान पहिलं मिनिटभर चाचरला. मग फळ्याकडे गेला, आणि मग त्याला थांबवावं लागलं, कारण जेवण निवत होतं.

दुपारी कँटीनच्या मागच्या बाकावर तो माझ्यासमोर चहा घेऊन बसला. फेलोशिप वर्षभर वाढली होती. पुढची चिप त्याच्या आराखड्याची. हे सगळं त्यानं मला दोन वाक्यांत सांगितलं आणि चहात बिस्कीट बुडवून विसरला.

"दोन आठवड्यांपूर्वी तू मला विचारलं होतंस," मी म्हणाले. "खूण कुठे ठेवता म्हणून."

"हो."

"म्हणजे तुला कळलं होतं."

"कळलं नव्हतं. संशय होता. माझ्या गणितात तो डोळा मिटायलाच नको होता. आणि सरांच्या गणितात त्यांचा इतका उघडायला नको होता. दोन्ही एकदम कसं होईल?"

"मग बोलला का नाहीस?"

"विचारलं की. तुम्ही म्हणालात, नेहमीसारखीच."

"आणि तू ऐकलंस? माझं? बारावी आर्ट्सचं?"

"ताई, तुमच्या हातावर या लॅबमध्ये कोण शंका घेणार? सरांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, गणित तपास. मी तीनदा तपासलं होतं." त्यानं चमच्यानं बिस्किटाचा लगदा बाहेर काढला. "आणि जूनमध्ये तुमचं कंत्राट संपत होतं."

माझे डोळे भरून यायला लागले होते. मी म्हणाले, "म्हणजे माझ्यासाठी तू मिरजेला निघाला होतास?"

"नाही हो," तो म्हणाला. "इतका काही मी चांगला नाही."

त्यानं शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर इंग्रजीत तीन ओळी होत्या, नीट, पाठ करण्यासाठी लिहितात तशा. माझ्या इंग्रजीलाही कळतील अशा सोप्या. समितीने कृपया कॅमेरा मागे घ्यायला सांगावा. कोपऱ्यातली खूण कुठे आहे ते सर्वांनी पाहावं. त्यानंतर मला काही म्हणायचं नाही.

"डोळा उघडला की विचारणार होतो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. सकाळपासून पाठ करत होतो. तुमच्याकडे बघवत नव्हतं म्हणून मागे उभा होतो."

मी कागद दोनदा वाचला. माझे डोळे आपोआप कोरडे झाले. माझ्या हातानं त्या सकाळी खूण मनगटाशीच ठेवली असती, तर काय झालं असतं ते चित्र मला दिसलं. टक्क उघडलेला डोळा, सरांचा इस्त्रीचा शर्ट, आणि हळूहळू मागे सरणारा कॅमेरा.

"सरांना दाखवलास हा कागद?"

"वेडबिड लागलंय का?"

"मग फाड."

त्यानं फाडला. तुकडे चहाच्या कपात घातले.

"दुसरा चहा सांग," मी म्हणाले. "आणि बिस्किटं तुझ्याकडून."

जूनमध्ये माझं कंत्राट नवं झालं. अर्जावर सरांनी या वेळी काय लिहिलं ते मी ऑफिसातल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "हाताबिताचं काही नाही, नुसतं 'आवश्यक' लिहिलंय." पुढच्या चिपवर आकडे होते, इतके मोठे की चष्म्याशिवाय दिसावेत. पाहुण्यांना सर माझं नाव सांगू लागले. आमचं बोलणं पूर्वीइतकंच होतं, म्हणजे फारसं नाही. त्या सकाळबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीही नाही. इम्रान आता परदेशात असतो आणि ईदला फोन करून विचारतो, "ताई, खूण कुठे ठेवता?"

सर गेल्या मार्चमध्ये निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी खोली आवरताना त्यांनी मला हाक मारली. टेबलावर एक लहान चौकोनी डबी होती, पारदर्शक, आत चिकट तळ असतो तसली. त्यात ती चिप.

"तुमच्याकडे असू द्या," म्हणाले.

"कुणी बसवली हिच्यात?"

"मीच. थरथरतो हात आता, पण बसली."

मी डबी घेतली. विचारायचं ते वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. सर, त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, कशी ठेवायची ते तुम्हाला माहीत आहे. ते इतकी वर्षं माझ्याकडे पडून आहे. त्याचा अर्थ काय होता?

"बाई, रिक्षा खोळंबलीय खाली," सर म्हणाले. मी त्यांची पिशवी उचलून जिन्यापर्यंत नेली.

घरी येऊन दिव्याखाली डबी धरली आणि भिंग लावून खूण शोधली. सापडली. पण डबी चौकोनी. झाकणावर नाव नाही, तारीख नाही, बाण नाही. तिची वरची बाजू कुठली हे सांगणारं काहीच नव्हतं. अशी धरली की खूण वर डावीकडे. तशी धरली की खाली उजवीकडे, माझ्या मनगटाशी.

डबी टीव्हीशेजारी ठेवलीय. रोज धूळ पुसताना ती थोडी फिरते. मी सरळ करत नाही.